गुऱ्हाळाचं चुलवाण सगळ्यांनी मिळून बदलताना : शिराळा तालुक्यातल्या २०२४-२५ हंगामाच्या नोंदी

१८ ऑक्टोबर २०२४

वारणाकाठच्या एका गुऱ्हाळमालकांशी आज बोलणं पक्कं झालं. त्यांच्या शेडात दोन चुलवाणं, म्हणजे रस आटवायच्या भट्ट्या आहेत. एक चालू आहे. दुसऱ्यात २०१९ च्या पुराचं पाणी शिरलं आणि २०२१ च्या पुरात त्याची उरलेली भिंतही बसली. हे पडकं चुलवाण नव्यानं बांधायचं आणि चालू चुलवाणावर नेहमीसारखा गूळ निघत राहील, असं ठरलं. मालकांचा हंगाम बुडत नाही आणि जुनं-नवं शेजारी शेजारी बघायला मिळतं. कुणाला असं काम करायचं असेल तर दोन चुलवाणांचंच गुऱ्हाळ शोधा. एकच चुलवाण असेल तिथं हंगामात कुणी वीटसुद्धा हलवू देणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

काम कशासाठी, ते थोडक्यात. रस आटवायला घरची चिपाडं (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) पुरत नाहीत, म्हणून लाकूड विकत आणावं लागतं. काही गुऱ्हाळांत जुने टायर आणि रबराचे तुकडेही जाळात जातात. उसाचा गूळ त्याच उसाच्या चिपाडावर व्हावा, एवढंच आम्हाला साधायचं आहे. तंत्र नवं नाही. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या कोल्हूंवर (तिकडच्या गुऱ्हाळांवर) एकामागे एक कढया मांडून धुराड्याकडे जाणारी धग वापरतात. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं उसाच्या पाचटावर चालणारा गॅसिफायर (जळणापासून जळाऊ वायू करणारं यंत्र) मागेच करून दाखवला आहे. इकडची चुलवाणं मात्र बरीचशी होती तशीच आहेत. सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९८० च्या दशकापासून देशात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी पुढं मोडून टाकल्या गेल्या, कारण भाकरी थापणाऱ्या बाईला विचारून त्या बांधलेल्या नव्हत्या. आम्हाला चुलवाणाचं तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून नकाशा बनवून आणायचा नाही, गुऱ्हाळात काम करणाऱ्यांबरोबर बसून ठरवायचा.

मालकांबरोबर एक पानी कागद केला. त्यात दोन गोष्टी मुद्दाम लिहून घेतल्या. आमच्याशी बोलण्यात, मापं घेण्यात कामगारांचा जो वेळ जाईल त्याचा रोज प्रकल्प देणार. आणि प्रयोगामुळे आधण, म्हणजे एका वेळी आटवायला घेतलेला रस, बिघडलं तर दरातला फरक प्रकल्प भरून देणार. त्यासाठी २५,००० रुपये बाजूला ठेवले.

६ नोव्हेंबर

भाऊबीज झाली, टोळी आली, चालू चुलवाण पेटलं. पहिल्या रात्री कुणाला काही विचारायचं नाही, फक्त बघायचं, असं आमच्यात ठरलं होतं. आम्ही म्हणजे मी, डिझाइन शिकवणारी माझी मैत्रीण आणि अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी.

जाळ घालणारे तात्या मूठ-मूठ चिपाड ठरावीक लयीत आत फेकतात. त्यांची नजर चुलवाणाच्या तोंडावर कमी आणि धुराड्यावर जास्त असते. धूर काळा झाला की हात थांबतो. वर काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या पसरट कढईपाशी, गूळ काढणारे गुळवे मामा. रसाला रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, आणि ती काढेपर्यंत रस उसळायला नको असतो. मामा ओरडतात, “जाळ बारीक!” तात्या चिपाड घालायचं थांबवतात, पण आत पडलेलं जळतच राहतं. रस उतू जातो, मळी पुन्हा रसात मिसळते.

सकाळी चहा घेताना तात्या म्हणाले, “ताई, जाळ वाडवायला कुनीबी शिकंल. जाळ वडून घ्यायचा कसा, ते काय तरी बगा.”

आमच्या वहीत तोवर फक्त ‘धग वाया कुठं जाते’ एवढंच होतं. धग पटकन कमी कशी करायची, हा प्रश्न आम्ही वाचलेल्या सुधारित भट्ट्यांच्या नकाशांत आम्हाला दिसला नव्हता. आता तो वहीच्या पहिल्या पानावर आला.

२१ नोव्हेंबर

काल मतदान. टोळीतली माणसं आपापल्या गावी गेली होती, चुलवाण बंद. आज मोजणीचा घोळ निस्तरला.

एका आधणाला किती चिपाड लागतं, ते किलोत मोजत होतो. आकड्यांचा मेळच बसेना. कारण उघड आहे. घाण्यातून निघालेल्या चिपाडात वजनानं जवळपास निम्मं पाणी असतं. दोन दिवस वाळवलेलं, चार दिवस वाळवलेलं आणि सकाळच्या दवात भिजलेलं चिपाड सारख्याच वजनाचं असलं तरी जाळ सारखा देत नाही. पंधरवड्याची मापं टाकून द्यावी लागली.

मार्ग चिपाड वाळवणाऱ्या बायकांनी दाखवला. त्या चिपाड भाऱ्यानं मोजतात, आणि कोणतं वाळलंय हे मूठ दाबून, मोडताना आवाज ऐकून सांगतात. वयानं मोठ्या काकूंनी ‘जाळायला लायक’ म्हटलेले भारे आम्ही नमुन्यादाखल घेतले, थोडं चिपाड ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून वजनातला फरक पाहिला. त्यांच्या एका हाताखालच्या भाऱ्यांमधला ओलावा आमच्या किलोच्या मापांपेक्षा कितीतरी एकसारखा निघाला. आता माप एकच : काकूंनी पास केलेला भारा. दोन्ही चुलवाणांसाठी तेच.

३० नोव्हेंबर

नकाशा कागदावर काढून नेला तर सगळे मान डोलावतात आणि कुणी काही बोलत नाही. म्हणून कागद बाजूला ठेवला. शेडामागं ओली माती आणि फुटक्या विटा घेऊन चुलवाणाचा लहान नमुना उभा केला, साधारण पाव मापाचा. काहिलीच्या जागी पत्र्याचं घमेलं. आत पाचट पेटवून धूर कुठून कसा जातो ते बघायचं.

तासाभरात माझ्या हातात काही उरलं नाही. तात्या खाली बसले आणि त्यांनी तोंडाची उंची स्वतः कमी केली. मामांनी घमेलं उचलून पुन्हा ठेवायला लावलं, कारण काहील चेनपुलीनं उचलताना कड एका बाजूला टेकली तर पाक सांडतो. काठाची वीट सपाटच हवी. धूर सरळ धुराड्याकडे पळतो, हे सगळ्यांनी एकदमच पाहिलं. मग त्याला अडवायला आडभिंत कुठं घालायची यावर वाद. विद्यार्थ्यांचं म्हणणं मध्यावर. तात्यांचं म्हणणं, मध्यावर घातली तर राख ओढायची फावडी आत फिरणार नाही. भिंत मागं सरकली, बुटकी झाली. नमुन्यात जाळ घमेल्याच्या बुडाला घासून फिरताना दिसला.

खर्च : दोन गडी, एक दिवस, शिवाय सगळ्यांचा अर्ध्या दिवसाचा रोज. एवढ्या पैशात इतकं काही हाती लागल्याचं सबंध हंगामात दुसरं उदाहरण नाही.

१४ डिसेंबर

बांधकाम झालं. खड्डा दीड फूट खोल घेतला, तळाशी मुरूम आणि विटांचा चुरा भरला. जुन्या चुलवाणाचा तळ थेट काळ्या मातीवर होता. नदीकाठची जमीन ओल धरते आणि ती ओल सुकवण्यात जाळ खर्च होतो. जाळाच्या बाजूला अग्निरोधक विटा, मागं साध्या. लिंपणाला माती, शेण आणि भाताचा तूस. शिराळ्यात भात पिकतो, तूस फुकट मिळाला.

खाली राखेचा खड्डा, त्यावर लोखंडी पट्ट्यांची जाळी. चिपाड जाळीवर पडेल, हवा खालून येईल, राख खाली जाईल.

लिंपण वाळायला किमान दहा दिवस द्या, असं गवंडी म्हणत होते. ऊस तोडून आला होता, म्हणून पाचव्या दिवशी मंद जाळ केला. आडभिंतीला बोटभर रुंद चीर पडली. ती भिंत पाडून परत बांधली. आठवडा गेला, गवंड्याचा रोज वेगळा.

३ जानेवारी २०२५

जाळीनं फार छळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली जाळी साध्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केली होती. आठवड्याच्या आत मधल्या पट्ट्या लाल होऊन खाली लोंबल्या. मग कुपवाडच्या एका फाउंड्रीतून बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पट्ट्या ओतून घेतल्या. बीड वाकत नाही, पण नवीनच अडचण आली. चिपाडाच्या राखेत वाळूसारखी सिलिका आणि पोटॅश असतं. जाळ जास्त झाला की राख वितळते, थंड झाली की काचेसारखी खंगर होऊन पट्ट्यांच्या फटी बुजवते. खालून हवा येणं बंद होतं, धूर काळा होतो. फटी रुंद केल्या तर अर्धवट जळालेलं चिपाड खाली पडतं.

विद्यार्थ्यांनी फिरत्या पट्ट्या, दांड्यानं हलणारी जाळी असं बरंच रेखाटलं. तात्यांचा उपाय त्याहून सोपा : पट्ट्या जोडूच नका. दोन्ही टोकांना खाचेत सुट्ट्या ठेवा. खंगर धरलेली पट्टी खालून सळईनं उचलून आपटली की खंगर सुटते, आणि एखादी तुटली तर तेवढीच बदलता येते. पट्टीचा आकार वर रुंद, खाली निमुळता केला, म्हणजे फटीत शिरलेली राख अडकत नाही, खाली सुटते. हा आकार फाउंड्रीतल्या साचेवाल्यांनी सुचवला. तिसऱ्या ओतकामात जमलं.

पट्ट्या एकूण २१० किलो भरल्या, २१,००० रुपये. आधीच्या दोन जाळ्यांचा खर्च वेगळा, तो शेवटी एकत्र दिला आहे.

१५ जानेवारी

काल संक्रांत, अर्धी टोळी सुट्टीवर. आज झडपेचं काम पूर्ण झालं.

जाळ ओढून घ्यायचा म्हणजे हवा कमी करायची. धुराड्यात सरकती लोखंडी झडप बसवली. पहिल्यांदा तिची मूठ धुराड्यापाशीच ठेवली होती. ती ओढायला तात्यांना जाळ सोडून उठावं लागे, त्यामुळे कुणी वापरलीच नाही. मग तार आणि कप्पी लावून दोर पुढं आणला. कुणाच्या हाताशी ठेवायचा? मळी कधी येणार ते मामांना कळतं, म्हणून त्यांच्याजवळ ठेवला. यंत्र म्हणून हे बरोबर होतं. पण दोन दिवसांत तात्या गप्प झाले. जाळ त्यांचा आणि लगाम दुसऱ्याच्या हाती. मामांनी न सांगता झडप ओढली की धूर चुलवाणाच्या तोंडातून थेट तात्यांच्या अंगावर येई.

सगळे बसून बोललो. दोर तात्यांकडे आला, मामांचं ओरडणं पूर्ववत सुरू राहिलं. झडप पूर्ण मिटणार नाही अशी खुंटी मारली, म्हणजे धूर उलटा येत नाही. आता मामांनी हाक दिल्यावर दोन-तीन मिनिटांत उसळी बसते. मळी स्वच्छ निघते. गुळाचा रंग यामुळेच सुधारला, असं मामा सांगतात.

२ फेब्रुवारी

मागची कढई. धुराड्याकडे जाणाऱ्या वाटेवर दुसरी कढई ठेवून पुढच्या आधणाचा रस आधीच तापवायचा. दर १००० किलो रसातलं ८०० किलोच्या आसपास पाणी उडवायचं असतं. रस गार घातला तर तो उकळेपर्यंतचा जाळ अधिकचा लागतो, तो इथं वाचतो. हिशेब अगदी सरळ वाटत होता.

मामांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “रस तापवून ठिवायचा न्हाई. तापला की लगीच म्होरं गेला पायजे.” कढई मोठी केली होती, दीड आधणाचा रस मावेल अशी. उरलेला अर्धा रस कोमट पडून राहू लागला. उसाचा रस जरा आंबट असतो, सामू (पीएच) ५.२ ते ५.५ च्या दरम्यान. अशा रसाला बराच वेळ ऊब मिळाली की साखर फुटते. गूळ काळपट आणि मऊ झाला, रवा (दाणा) नीट उभा राहीना. सांगलीच्या बाजारात त्या मालाला कमी दर मिळाला. फरक प्रकल्पानं भरून दिला, ९,४०० रुपये. कागदावर आधी लिहून घेतलं नसतं तर काम इथंच थांबलं असतं.

याहून काळजीची गोष्ट वेगळी होती. गुळाचा रंग उतरला की तो उजळण्यासाठी हायड्रोस ही गंधकयुक्त पावडर टाकायचा मोह होतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला ७० पीपीएमची मर्यादा आहे. जळण वाचवताना गुळात रसायन वाढलं, तर अशा सुधारणेचा काय उपयोग?

दुरुस्ती : कढई कापून एका आधणाएवढी केली. काहिलीतला पाक गोळीबंद (पाण्यात टाकल्यावर गोळी होईल इतका घट्ट) व्हायच्या बेतात आला की मगच तीत रस सोडायचा. चुन्याची निवळी काहिलीत न घालता या कढईतच घालायची, सामू ६ च्या थोडा पुढं येईपर्यंत. मामा फेसाच्या रंगावरून सांगतात, विद्यार्थी कागदी पट्टीवरून. दोघांचं जुळायला लागल्यावर पट्टी बाजूला ठेवली. चुना जास्त झाला तरी गूळ काळा पडतो, त्यामुळे नवख्या माणसानं पट्टी सोडू नये.

२४ फेब्रुवारी

आजची बैठक अवघड होती.

नव्या चुलवाणावर लाकूड लागेनासं झालं. चिपाडही उरायला लागलं. मालक खूश. काकूंनी मात्र सरळ विचारलं, “चिपाड कमी लागलं, तर आमचं दिस कमी हुनार का?”

चिपाड पसरणं, उलथणं, सांजेला गोळा करणं हे चार बायकांचं काम. त्यांना दिवसाला ३०० रुपये मिळतात. जळण पाचव्या हिश्शानं वाचलं, तर हिशेबानं त्यांचं कामही तेवढंच घटतं. आमच्या सगळ्या मोजणीत भारे मोजणाऱ्या याच बायका. बचत किती झाली, हे त्यांच्या मापानं कळलं, आणि ती बचत त्यांच्याच रोजावर येऊ पाहत होती.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत क्रिस्टेन नीगार्ड यांनी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर जे काम केलं, त्यात हाच प्रश्न होता : कारखान्यात संगणक येणार, तर तो कसा यावा हे ठरवताना कामगाराचा आवाज कुठं असेल? सहभागी डिझाइन (वापरणाऱ्यांना बरोबर घेऊन केलेली आखणी) म्हणून आज जे शिकवलं जातं त्याचं एक मूळ तिथं आहे. शिकवताना कल्पना लिहून भिंतीवर लावायच्या चिकटचिठ्ठ्या तेवढ्या लक्षात राहतात, मजुरीची बोलणी विसरली जातात. माझ्या मते ही बोलणी हाच डिझाइनचा भाग आहे. झडपेची मूठ कुठं हवी हे जितकं ठरवावं लागतं, तितकंच उरलेलं चिपाड कुणाचं हेही ठरवावं लागतं.

मालकांचं म्हणणं, ऊस माझा, चिपाड माझं. तेही खोटं नाही. तीन तास गेले. ठरलं ते असं : या हंगामात कुणाचा दिवस कमी करायचा नाही. उरलेलं चिपाड वाळवून, गंजी लावून छपराखाली ठेवायचं, आणि ते काम याच बायकांचं. पुढच्या हंगामाच्या तोंडाला पाऊस लांबला तर ते कामी येईल. त्यातलं काही विकलं, तर येणाऱ्या पैशातला चौथा हिस्सा चौघींचा. पुढच्या वर्षीचं अजून ठरलेलं नाही. मालक शब्द देत नाहीत, आणि काकूंनी ते ध्यानात ठेवलंय.

कागदात ही अट ऑक्टोबरमध्येच घालायला हवी होती. कुणी हे काम हाती घेणार असेल, तर बचतीची वाटणी पहिली वीट रचायच्या आधी लिहा. बचत दिसायला लागल्यावर बोलणी महाग पडतात.

२० मार्च

उन्हाळा लागला. चुलवाणाच्या तोंडापुढं तात्यांच्या नडग्या भाजतात, हे त्यांनी नोव्हेंबरमध्येच सांगितलं होतं. ‘तुमी थंडीत आलाय म्हनून बरं वाटतंय, मार्चात बसून बगा,’ असं म्हणाले होते. आम्ही ते मागं ठेवत गेलो, कारण त्यात जळण वाचत नव्हतं.

चिपाड आत सरकवायला उतरता पत्रा करून पाहिला. तात्यांनी एका रात्रीत काढून टाकला. मूठ कुठं पडते ते हाताला कळत नाही, आणि आत ढीग होतो. मग तोंडाच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढा आडोसा केला : दोन पत्रे, मध्ये चार बोटं मोकळी जागा, हवा वर निघून जाईल अशी. खर्च २,८०० रुपये. सगळ्या कामातला हाच खर्च सर्वांत आधी करायला हवा होता, असं मला आता ठामपणे वाटतं.

९ एप्रिल

ऊस संपला. परवा वळीव पडला, उघड्यावरचं चिपाड भिजलं, पण गंजीतलं कोरडं होतं. शेवटची आधणं त्यावरच निघाली.

मोजमाप : जुन्या चुलवाणावर एका आधणाला पाच भारे लागत असतील, तर नव्यावर चार. विकतचं लाकूड फेब्रुवारीपासून शून्य. टायरचा तुकडाही आत गेलेला नाही. हे एका गुऱ्हाळाचं, एका हंगामाचं माप आहे. उसाची जात, रसाची गोडी, जाळ घालणारा माणूस बदलला की बदलेल.

खर्च : अग्निरोधक विटा १९,००० रुपये. साध्या विटा, मुरूम, गवंडी आणि गडी ३४,०००. बिडाच्या पट्ट्या २१,०००, फसलेल्या दोन जाळ्या १३,५००. झडप, तार, कप्पी ४,२००. मागची कढई आणि तिची कापाकापी २६,०००. आडोसा २,८००. कामगारांच्या वेळेचा रोज १८,०००. बिघडलेल्या आधणांची भरपाई ९,४००. एकूण १,४७,९०० रुपये. हे सगळं एकदा फसून झाल्यामुळे दुसऱ्या ठिकाणी जाळ्यांचे १३,५०० नक्की वाचतील. रोजाचे १८,००० मात्र वाचवायला जाऊ नका.

शिल्लक कामं : काहिलीच्या काठाखाली एका जागी धूर गळतो, लिंपण पुन्हा करायचं आहे. राखेच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचणार, त्यावर झाकण हवं.

शेजारच्या गावातल्या एका गुऱ्हाळमालकांनी नकाशा मागितला आहे. मापं त्यांना दिली. मात्र आडभिंत आणि तोंड त्यांच्याकडच्या जाळ घालणाऱ्या माणसाबरोबर मातीच्या नमुन्यावरच ठरवायचं, आणि तो नमुना करायला तात्या जातील. त्या कामाचा तात्यांचा रोज गवंड्याएवढा, १,००० रुपये, असं ठरलं. मे महिन्यात ते जाणार आहेत. काकूही बरोबर येतील, भाऱ्याचं माप तिथल्या बायकांना लावून द्यायला, आणि त्यांच्या कागदात बचतीच्या वाटणीची अट पहिल्या ओळीत असेल.